सूर सोडून बाकी सगळं

मित्रांनो, मी एक जुना कॅमकॉर्डर आहे आणि स्वभावाने जळकुकडा आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. नाहीतर पुढे मी कुणाकुणाला नावं ठेवायला लागलो की तुम्ही म्हणाल, हा असा काय बोलतोय. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या छत्र्या, खुर्च्या, शाईची पेनं कशी शहाण्यासारखी बोलतात. मला नाही ते जमत. माझ्या पोटात दुखतं आणि दुखलं की मी बोलून दाखवतो.

ज्यांनी मला कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चित्र टिपणारा कॅमेरा आणि ते चित्र फितीवर साठवणारं यंत्र, असे दोघं मिळून मी एक. उजव्या कुशीला पट्टा आहे. त्यात हात सरकवला की अंगठा नेमका लाल बटनावर येतो. डाव्या कुशीला छोटा पडदा आहे, तो कपाटाच्या दारासारखा उघडतो. मागे डोळा लावायची नळी, आणि पोटात काडेपेटीहून जराशी मोठी कॅसेट. बटन एकदा दाबलं की मी टिपायला लागतो, परत दाबलं की थांबतो. इतकं सोपं आहे. म्हणजे मला तरी तसं वाटायचं.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे धुळीचा कण नव्हता आणि टेबलाशी बसलेल्या बायकांचे फक्त डोळे दिसत होते. त्यातल्या एकीने माझं भिंग बसवलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हे छान बसलंय बघ." शेजारीण म्हणाली, "मगाचचंही छान बसलं होतं." आयुष्यातली पहिली शाबासकी मिळाली तीही अर्धी. तो मगाचचा कोण, कुठे गेला, मला काही माहीत नाही, पण तो मला अजूनही आवडत नाही.

दुकानाच्या काचेत माझ्या शेजारी एक थोराड कॅमेरा होता. खांद्यावर घेऊन चालवायचा, धंदेवाईक लोकांचा. येणाराजाणारा आधी त्याच्यापुढे थांबायचा. मग त्याची किंमत वाचून एक पाऊल बाजूला सरकायचा आणि तेव्हा कुठे माझ्याकडे बघायचा. दुकानदार म्हणायचा, "घरगुती वापराला हा पुष्कळ झाला." मला हे 'पुष्कळ झाला' फार लागायचं.

एके दिवशी बाबा आणि आई आले. मी त्यांना बाबा आणि आईच म्हणतो, कारण पुढे त्यांच्या घरात मी तेच ऐकत राहिलो. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी मला उचललं, माझं झाकण काढलं, खिशातलं मऊ कापड घेऊन माझं भिंग पुसलं आणि उजेडात तिरकं धरून निरखलं. इतक्या प्रेमाने मला कुणी हाताळलं नव्हतं. मी तिथेच त्यांचा झालो.

"भिंग चांगलं आहे," बाबा म्हणाले. "आता ह्याच्यात वाईट काय आहे तेही सांगा. चांगलं तर तुम्ही सांगालच."

दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, "लांबचं अगदी जवळ आणतो, चित्र हलत नाही, हातात बसतो. पण संधिप्रकाशात चित्रावर मुंग्या येतात. वारा असला की फक्त वाराच ऐकू येतो. आणि आतली फीत फिरते ना, तिची घरघर हा स्वतःच ऐकतो आणि स्वतःच टिपतो."

माझ्याच तोंडावर माझी उणीदुणी चालली होती. शेजारचा थोराड नुसता मजेत उभा.

आईने एवढा वेळ काही विचारलं नव्हतं. तिचे केस ओले होते आणि अंगाला तलावातल्या पाण्याच्या औषधाचा वास येत होता. ती म्हणाली, "उलटं दिसतं का?"

"उलटं म्हणजे, ताई?"

"फीत मागे नेताना चित्र दिसत राहतं का?"

"दिसतं की."

"मग द्या," आई म्हणाली.

आई तरणतलावावर कोच होती. उंचावरून पाण्यात सूर मारायला ती मुलामुलींना शिकवायची. तिची शिकवायची एक तऱ्हा होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मुलांचा सूर ती माझ्यावर टिपायची आणि मग तलावाच्या बाजूच्या खोलीत, ओल्या फरशीवर सगळ्यांना बसवून, टीव्हीवर आधी उलटा दाखवायची. पाण्यातून आधी पाय बाहेर यायचे, मग गुडघे, मग पाठ, मग डोकं. माणूस हवेत मागे मागे जात उडी मारायच्या फळीवर अलगद उभा राहायचा. आई हातातल्या शिट्टीने पडद्यावर टकटक करायची.

"सगळे म्हणतात, पाण्यात शिरताना पाय वाकले," ती म्हणायची. "पाय पाण्यात वाकत नाहीत रे बाळांनो. ते फळीवरच वाकलेले असतात. मागे मागे जा, चूक जिथून निघाली ते घर सापडतं."

पोरं आधी खिदळायची, मग गप्प होऊन बघायची. त्या खोलीत माझी केवढी वट होती म्हणून सांगू. फक्त एकाच गोष्टीने माझं डोकं फिरायचं. पाहून झालं की सगळे टीव्हीकडे बोट करून म्हणायचे, "काय मस्त दिसतं ना ह्याच्यावर." ह्याच्यावर! उन्हात, पाण्याच्या काठावर, उडणारे शिंतोडे अंगावर घेत उभा राहिलो मी, आणि कौतुक कुणाचं, तर कोपऱ्यात बसून असलेल्या त्या खोक्याचं. मी वायरीने त्याला जोडलेला असायचो, म्हणून मूग गिळून गप्प बसायचो.

आईबाबांची मुलगी बारकी. अंगाने बारकी म्हणून बारकी. चालायला लागली तशी ती तलावाच्या काठाने चालायला लागली, आणि सूर मारायला आईकडे तिला कुणी घातलं असं झालंच नाही, ती आपोआपच त्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे ती स्पर्धांमध्ये उतरू लागली. स्पर्धेच्या दिवशी आई काठावर कोच म्हणून उभी असायची, तेव्हा मी बाबांच्या हातात यायचो. आणि इथून माझ्या दुःखाला सुरुवात झाली.

बाबा जगाला चष्मे लावायचे. पण मला डोळा लावताना चष्मा मध्ये यायचा, म्हणून ते तो कपाळावर चढवायचे. बारकी लांबून दिसायची, तेवढं त्यांना पुरे होतं. पण नळीच्या कोपऱ्यात, मी टिपत असलो की बारीक लाल अक्षरं उमटतात, ती त्यांना दिसायची नाहीत. नळीखाली नंबर जुळवायचं चाक आहे. ते आईच्या डोळ्याला लावलेलं होतं. अख्ख्या गल्लीचे नंबर काढणारा हा माणूस, त्याने ते चाक कधी फिरवून पाहिलं नाही.

त्यात त्यांची एक समजूत होती. मशीनला आधी एकदा दाबून जागं करावं लागतं आणि मग दुसऱ्यांदा दाबून कामाला लावावं लागतं, असं त्यांना वाटे. म्हणून बारकी शिडी चढायला लागली की ते मला 'जागं' करायचे. मी लगेच टिपायला लागायचो. बारकी फळीच्या टोकाशी येऊन हात वर करायची आणि नेमकी उडी घेणार, तेव्हा बाबा मोठ्या उत्साहात बटन दाबायचे. मी बंद! सूर व्हायचा, टाळ्या व्हायच्या, बाबा नळीला डोळा लावून ओरडायचे, "आला आला, सगळा आला." मग 'थांबवायला' परत बटन दाबायचे आणि मी सुरू. त्यानंतर मुख्य कळ फिरवून ते मला पूर्ण बंद करेपर्यंत, त्यांच्या हातात लोंबकळत मी फरशी टिपायचो, त्यांच्या चपला टिपायचो, बाकाखालच्या पिशव्या टिपायचो.

माझी काय अवस्था होत असेल बघा. सूर टिपण्यासाठी मला आणलेलं. भिंग उत्तम, उजेड उत्तम, आणि फितीवर सूर सोडून बाकी सगळं. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अहो बाबा, उलटं चाललंय.

तुम्ही म्हणाल, घरी येऊन पाहिलं असेल की त्यांनी. नाही पाहिलं. आई सरावाच्या चुका पाहायची. स्पर्धेतलं पाहायची नाही. म्हणायची, "चांगलं झालेलं बघून काय शिकायचं? राहू दे, निवांत बघू कधीतरी." बाबा कॅसेटवर सुंदर अक्षरात 'बारकीचे सूर' असं लिहून ती खणात ठेवायचे. खण भरला, पण निवांत काही कुणाला मिळालं नाही. ज्या घरात माझ्या नावाने इतका अभिमान बाळगला जात होता, तिथे माझं पितळ कधी उघडं पडेल ह्या धास्तीत मी दिवस काढले.

मग चपट्या आला.

चपट्या म्हणजे मोबाईल. बारकीला वाढदिवसाला मिळाला. कणकेच्या पोळीला असते तेवढीही जाडी नाही त्याला. भिंग म्हणाल तर मसुराच्या डाळीएवढं. तेही पुढे एक, मागे तीन, म्हणजे एकावर भागत नव्हतंच. मी म्हटलं, हे पोर काय टिकतंय. चित्र टिपतं, गाणी वाजवतं, हिशेब करतं, वाट दाखवतं, बोलतं. इतक्या ठिकाणी नाक खुपसणाऱ्याला एक तरी काम धड येणार का?

येत होतं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू. संध्याकाळच्या उजेडात माझ्या चित्रावर मुंग्या यायच्या, त्याचं चित्र स्वच्छ. वारा तो गाळून टाकायचा. फीत नाही, घरघर नाही, टीव्हीला वायर जोडायची भानगड नाही. बारकी नुसतं बोट मागे ओढायची आणि चित्र उलटं जायचं, पाहिजे तिथे थांबायचं. आईची तऱ्हा, माझ्या जिवावर उभी राहिलेली, आणि ह्याने ती एका बोटात पळवली. आई एकदा म्हणाली, "अगं, ह्याच्यात तर हळूहळू पण बघता येतं." हळूहळू पण! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझं काय उरलं होतं मग? लांबचं जवळ आणायला माझ्याकडे खरी भिंगं सरकतात, तो नुसतं चित्र ताणतो आणि चेहऱ्याच्या चिंध्या करतो. माझ्या टिपण्यात मध्येच कुणाचा फोन येत नाही. आणि पट्ट्यात हात सरकवून धरावा तसं त्याला धरताच येत नाही, सदानकदा हातातून पडतो आणि कपाळ फोडून घेतो. हे सगळं मी कपाटाच्या वरच्या फळीवर बसून मनातल्या मनात म्हणत होतो, कारण तोवर माझी रवानगी तिथे झाली होती. शेजारी फाटकी रॅकेट आणि कुठल्या कशाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या वायरींचा गुंता. माझी बॅटरी आतल्या आत मेली. कुणी ती काढूनही ठेवली नाही.

आणि खाली, बारकीच्या उशाशी, चपट्या झोपायचा.

पुढची हकीकत मी वरच्या फळीवरून ऐकली, म्हणून कानाने ऐकलेली सांगतो. बारकी आता मोठ्या मनोऱ्यावरून सूर मारत होती. मोठ्या संघाची निवड तोंडावर आली होती. आणि सरावात एक सूर बिघडला. फळीवरून सुटताना तिचं मन क्षणभर मागे फिरलं, अंग वळलं नाही, आणि ती पाण्यावर सपाट आपटली. हाडं शाबूत राहिली. पाठ, मांड्या लालबुंद होऊन सुजल्या. आठवडाभरात ते उतरलंही.

पण चपट्या तिथे होता. एका मैत्रिणीने काठावरून त्याच्यात सगळं टिपलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक क्षण न चुकता. मला कबूल करायला हवं की ते ऐकून माझ्या मनात आधी काय आलं. पोरीला किती लागलं, हे नंतर आलं. आधी आलं ते असं, की पडली तीसुद्धा त्याच्याच वाट्याला.

बारकी ते चित्र बघायला लागली. उलटं बघायची, सुलटं बघायची, सावकाश बघायची. आईने आधी तिच्याजवळ बसून शिकवलं. "हे बघ, इथे. इथे तू मागे सरलीस. बस, एवढंच चुकलं." बारकी मान डोलवायची. आई कामाला गेली की पुन्हा बघायची. टीव्हीच्या खोलीत मला जोडून बघायचं असतं तर माणूस एकदा बघतो, फार तर दोनदा, मग वायरी गुंडाळतो. हा तर उशाशी, खिशात, जेवताना ताटाशेजारी. पाहिजे तेव्हा हजर असणं हा त्याचा मोठा गुण ना, तोच तिच्या मानगुटीवर बसला. सरावाला ती जायची, शिडी चढायची, फळीच्या टोकाशी उभी राहायची आणि तशीच मागे वळून शिडी उतरायची. रोज.

एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, "मी नाही जाणार निवडीला. मला आता भीती वाटते. आधी नव्हती वाटत, आता वाटते. म्हणजे ते गेलं माझ्यातून."

आई म्हणाली, "कोच म्हणून मी तुला वर पाठवलं असतं. आई म्हणून नाही गं पाठवता येत."

बाबा पेपर बाजूला ठेवून उठले. "थांबा जरा," म्हणाले. "तिने चांगले सूर मारलेत ते कधी बघितलेत कुणी? खण भरून कॅसेटी आहेत माझ्याकडे. तेच बघ. पडलेलं काय बघत बसलीयेस."

मित्रांनो, त्यांनी मला खाली काढलं, तेव्हा माझं काय झालं असेल. इतक्या वर्षांनी हात लागला होता. बाबांनी दुकानातलं मऊ कापड आणलं, माझं भिंग पुसलं, मेलेली बॅटरी काढून फेकली, मला सरळ भिंतीतल्या विजेला आणि टीव्हीला जोडलं. चपट्या टेबलावर पालथा पडला होता. मी म्हणत होतो, बघ, बघ आता, अडल्या वेळी कुणाची आठवण झाली ते. आणि पुढच्याच क्षणी जुनी धास्ती परत आली. कॅसेटीत काय आहे ते फक्त मलाच माहीत होतं.

बाबांनी कॅसेट सरकवली. माझे आतले रबर आखडले होते. मी कण्हलो, फीत ओढली, अडकलो. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. एक मन म्हणत होतं, अडकूनच राहा, फीत चावून टाक, इज्जत तरी राहील. यंत्र बिघडलं, वय झालं, असं म्हणतील आणि सोडून देतील. पण ती पोर गुडघ्यांना मिठी मारून समोर फरशीवर बसली होती. मग मी सगळा जोर लावला. चाकं फिरली, रेघा विरल्या, आणि चित्र आलं.

छोटीशी बारकी शिडी चढत होती. दांड्याला घट्ट धरून, एकेक पायरीवर थांबत. वर पोचली. फळीच्या टोकाशी आली, खाली पाहिलं, पटकन दोन पावलं मागे गेली. परत आली. गुडघे लटलट कापत होते. लांबचं जवळ आणतो तो मी, त्यामुळे कापणारे गुडघेच काय, तिचे हलणारे ओठसुद्धा दिसत होते. ती स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. शेवटी तिने हात वर केले.

आणि फट्. पुढच्या चित्रात बाबांच्या चपला.

"हे काय?" आई म्हणाली.

"फीत खराब झाली असेल," बाबा म्हणाले. "दुसरी लावू."

दुसरी लावली. बारकी थोडी मोठी. शिडी, फळी, खाली बघणं, मागे सरकणं, कापणारे गुडघे, हात वर. चपला. तिसरी लावली. ह्या वेळी ती फळीवर चक्क खाली बसली होती आणि काठावरून आईचा आवाज येत होता, "घाई नाही, बस हवं तेवढं." मग उठली, हात वर. बाकाखालची पिशवी.

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी चष्मा काढला, परत लावला.

"एकही सूर नाहीये ह्यात," आई म्हणाली. "तुम्ही नुसती शिडी शूट केलीत? इतकी वर्षं?"

"मी आधी जागं करायचो ना त्याला," बाबा पुटपुटले. "मग सुरू..." आणि ते थांबले, कारण बोलता बोलताच त्यांना उमगलं. एवढा मोठा माणूस, पण तोंड चोरून वायरीशी चाळा करायला लागला. मी तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, अशा अवस्थेत. चपट्याने तिचं एक पडणं न चुकता टिपलं, आणि मी तिचा एकही सूर टिपू शकलो नाही, हे आज सगळ्यांसमोर लागोपाठ तीन कॅसेटींत सिद्ध झालं होतं.

बारकी मात्र हसत नव्हती, रागावलीही नव्हती. ती पुढे सरकून पडद्याच्या अगदी जवळ बसली होती.

"आई, ही कुठली स्पर्धा?"

आईने निरखलं. "पहिला नंबर आला होता ती. तो लाल पोशाख तेव्हाचाच."

"आणि ही? खाली बसलीये ती?"

"तिथेही जिंकलीस तू."

"पण मी घाबरलीये."

"घाबरायचीसच की," आई म्हणाली. "प्रत्येक वेळेला. मला वाटलं तुला माहितीये."

"मला काहीच आठवत नाही," बारकी म्हणाली. "मला फक्त पाणी आठवतं. आणि टाळ्या."

मग तिने उरलेल्या कॅसेटी एकामागून एक लावायला लावल्या. सगळ्या तशाच. पुन्हा पुन्हा तीच शिडी, तेच गुडघे, तेच मागे सरकणं, आणि हात वर. बाबांच्या चपला आल्या की ती म्हणायची, "पुढची लावा." चपट्या एकदा थरथरला, कुणाचा तरी फोन होता, आणि तिने न बघता त्याला गप्प केलं. माझं यंत्र तापलं होतं, आतून वास यायला लागला होता, पण मी थांबलो नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी आजवर ज्याची लाज वाटून घेत होतो, ते ह्या घरात आणखी कुणाकडेच नव्हतं. आईच्या सरावाच्या फितींत नव्हतं, चपट्याच्या पोटात नव्हतं, आणि खुद्द बारकीच्या आठवणीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावावर निघाली. मोबाईल पिशवीत टाकला, आणि विजेच्या वायरीसकट मलाही टाकलं. का टाकलं ते आईने विचारलं नाही. मी मात्र ओळखलं. आज ती सूर मारणार आणि तो मी टिपायचा. आईच्या हातात मी असणार, आणि आई चष्मा कपाळावर चढवत नाही. पिशवीत चपट्या माझ्या अंगाला घासत होता आणि मी त्याला मनातून म्हणत होतो, जरा सरकून बस, मला काम आहे.

काठावर पोचल्यावर आईने पिशवीत हात घातला. "कशात घेऊ?" म्हणाली. "ह्याच्यात की त्याच्यात?"

मी मनातल्या मनात पट्टा पुढे केला.

"कशातच नको," बारकी म्हणाली. "दोघांनाही आत राहू दे. तू नुसतं बघ."

आईने चेन ओढली आणि अंधार झाला. बाहेर अनवाणी पावलं शिडीकडे गेली. बराच वेळ काही नाही. ती टोकाशी गेली असेल, खाली बघितलं असेल, मागे सरली असेल, मी अंधारात सगळं बघत होतो. आईने एकदाही हाक मारली नाही. मग फळी वाजली, आणि त्यानंतर पाण्याचा आवाज आला. आपटल्याचा नव्हता. नवं कापड एका झटक्यात फाडावं, तसा छोटा, नेटका आवाज होता तो. आणि आईची शिट्टी फरशीवर पडल्याचं ऐकू आलं.

थोड्या वेळाने चेन उघडली. ओला हात आत आला, माझ्या पट्ट्यावरून सरकला आणि पुढे जाऊन त्याने चपट्याला उचललं.

"बाबा," बारकी धापा टाकत म्हणाली, "मारला."

त्यांचं पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण ती म्हणाली, "नाही, शूट नाही केला. आईने बघितला." मला हे कबूल केलं पाहिजे की दुकानात बसलेल्या बाबांपर्यंत ही बातमी त्याच क्षणी पोचवणं मला जन्मात जमलं नसतं. ते काम चपट्याचंच. देतो त्याला तेवढं.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. आता मी वरच्या फळीवर नसतो, टीव्हीखालच्या कप्प्यात असतो, आणि बाबा अधूनमधून मला पुसतात. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा, कॅसेटी दमट जागी ठेवू नका, आणि त्यांत काय आहे ते एकदा तरी बसून बघा. एवढं माझ्यासाठी करा.

आणि एखादा दिवस असा आला, की जे समोर घडणार आहे ते तुमच्या जिवाच्या माणसाचं आहे, तर आम्हाला दोघांनाही पिशवीत घाला, चेन ओढा आणि नुसतं बघा. तो सूर जगात फक्त एकीने पाहिला आहे. तिच्या डोळ्यांचा मला आजही इतका हेवा वाटतो, की चपट्याचा राग त्यापुढे काहीच नाही. तुमच्या घरचा कॅमेराही तसाच जळेल. जळू द्या त्याला.